मारव्यातला षड्ज आणि नंतरच्या गप्पा

पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं की ख्यालीखुशाली विचारायच्या आधी प्रश्न येतो, ‘काल होतीस का?’ कुठे, हे सांगावं लागत नाही; सवाई गंधर्व महोत्सवालाच. ‘होते’ म्हटलं की लगेच पुढचा, ‘मग, दुसरं गाणं कसं वाटलं?’ आणि भाजी राहते बाजूला. हातातली पिशवी खाली ठेवून दोघं जण एखाद्या तिहाईवर, एखाद्या पुकारीवर, कुणी किती वेळ तंबोरे जुळवले यावर बोलत राहतात. सात-आठ हजार माणसांनी आदल्या संध्याकाळी एकच गाणं ऐकलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरभर त्याचे तुकडे सापडत असतात.

या गप्पांबद्दल मला लिहायचं आहे. मी गात नाही. लहानपणी थोडं शिकले, सुटलं. ऐकणं मात्र सुटलं नाही. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून माझं एक मत ठाम झालं आहे की कान एकट्यानं तयार होत नाही. गुरूकडे बसून गळा तयार होतो, आणि आपल्याच शेजारी सतरंजीवर बसलेल्या माणसानं नंतर काय सांगितलं, त्यातून कान तयार होतो. घरी हेडफोन लावून ऐकलेलं गाणं मला आवडतं, पण त्यातून मी फारसं काही शिकले नाही. जे काही कळलं ते मांडवाबाहेर चहा पिताना, परतीच्या गाडीत, जिन्यात उभं राहून.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली गेले आणि भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीला गाण्याचा कार्यक्रम योजला. आर्य संगीत प्रसारक मंडळ आजही तो भरवतं. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. आमच्या पिढीचा सवाई रमणबागेच्या मैदानावरचा. आता तो मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. जागा बदलली, खुर्च्या वाढल्या, पडदे आले. पण भारतीय बैठकीवर आपली चादर टाकून, डबा उघडून, नातवाला मांडीवर झोपवून ऐकणारी माणसं तीच आहेत. मी अजून बैठकीवरच बसते. खुर्चीवर बसलं की शेजारच्याशी बोलता येत नाही.

शेजारच्या काकांनी रात्रभराचे सवाई ऐकले आहेत. शेवटच्या रात्री बसलेलं गाणं पहाट ओलांडून उजाडेपर्यंत चालायचं, हे ते सांगतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्यात सवाईचा एखादा दिवस सहसा बसतो. नियम योग्य आहे. मांडवाला लागून राहणाऱ्या आजारी माणसाला झोप हवीच. पण याचा एक परिणाम असा झाला की मोठ्या उघड्या मैफलींमधून अख्खा एक प्रहर नाहीसा झाला. दरबारी आता नऊच्या सुमाराला ऐकायचा. ललत, भटियार, सोहनी हे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग सभागृहातल्या सकाळच्या मैफलीत भेटले तर भेटले. काका म्हणतात, आम्ही ललत ऐकायचो तेव्हा थंडीनं बोटं वाकायची नाहीत आणि पूर्वेला खरोखर फटफटत असायचं; तुम्ही दहा वाजता एसीत ऐकता. त्यांचं म्हणणं मला पटतं.

त्याच्या बदल्यात आम्हाला एक गोष्ट भरपूर मिळाली, ती म्हणजे संध्याकाळ. कार्यक्रम दुपारी सुरू होतो. भीमपलास, मधुवंती, मुलतानी, पटदीप असं करत दुसरा किंवा तिसरा कलाकार मंचावर येतो तेव्हा सहा वाजायला आलेले असतात. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे श्री, मारवा, पूरिया धनाश्री या संधिप्रकाश रागांची नेमकी वेळ, आणि तीही उघड्यावर, मांडवाच्या कडेनं उजेड उतरताना दिसत असताना. या हिवाळ्यात मी ऐकलेलं सगळ्यात मोठं गाणं याच वेळेचं होतं.

गायिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की वाचणारा आपलं आधीचं मत घेऊन बसतो, आणि मला बोलायचं आहे ते गाण्याबद्दल.

तंबोरे जुळत होते. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेली एक मैत्रीण आहे, तिचं सगळं लक्ष तंबोऱ्याच्या पहिल्या तारेकडे. ती हळूच म्हणाली, ‘पंचम नाही लावत. निषाद लावतेय.’ पुढच्या रांगेतल्या दोन माना मागे वळल्या. पंचम (प) नाही, निषाद (नी) आहे, आणि वेळ ही, म्हणजे मारवा किंवा पूरिया. गाणं सुरू व्हायच्या आधीच आमच्या कोपऱ्यात दोन तट पडले. या दोन रागांचे स्वर अगदी एकच. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), बाकीचे शुद्ध, पंचम नाही. सोहनीचेही तेच. तिन्ही राग वेगळे होतात ते मुक्काम कुठे यावर. मारवा रिषभ आणि धैवतावर (ध) राहतो, पूरिया गंधार (ग) आणि निषादावर आणि तोही खालच्या अंगाला, सोहनी वर तार षड्जाकडे धावते. सहा स्वर तेच, पण एका रागात जीव कासावीस होतो, दुसऱ्यात शांत होतो, तिसऱ्यात उसळतो. मला रागसंगीतातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते.

तिनं मंद्र धैवतावरून निषादाला स्पर्श करून रिषभ लावला आणि तिथेच थांबली. मारवा.

मारव्यात षड्ज, म्हणजे सा, टाळायचा असतो. म्हणजे तो वर्ज्य नाही, त्याच्याकडे जाण्याची वाट लांब करायची असते. ऐकणारा मात्र षड्जाची वाट बघत असतो, कारण तंबोऱ्यात तो अखंड वाजतोय. गायिका निषादावरून थेट रिषभावर जाई. गंधार, मध्यम, धैवत घेऊन परत उतरताना आता षड्ज येणार असं वाटे, आणि ती रिषभावर येऊन थबके. विलंबित एकतालाची आवर्तनं जात होती. बंदिशीचा मुखडा यायचा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, रिषभावर पडायची, पुन्हा सगळं अधांतरी. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी शालीचा काठ घट्ट मुठीत धरला होता. मांडवाच्या उजव्या कडेची उजेडाची पट्टी बघता बघता निळी झाली. आणि मग एका लांब आलापीच्या शेवटी धैवत, निषाद, रिषभ असं घेऊन तिनं षड्ज लावला. पूर्ण, सरळ, कुठलीही थरथर नसलेला. मांडवातून जो आवाज निघाला त्याला दाद म्हणता येणार नाही. इतका वेळ कोंडलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला.

मध्यंतरात आम्ही चौघं-पाच जण चहाच्या रांगेत उभे होतो, तेव्हा या षड्जावरून वाद सुरू झाला. बँकवाल्या मैत्रिणीचं म्हणणं, तिनं जरा जास्तच ताणलं. मारव्याची हुरहुर एका मर्यादेनंतर युक्ती वाटायला लागते. मला ते मुळीच मान्य नव्हतं. काका तिसरंच बोलले. ‘हार्मोनियमवाल्याकडे बघितलंत का? तिनं रिषभ लांबवला की तो हात उचलायचा.’ आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. काकांनी सांगितलं की श्रीतला रिषभ जितका उतरलेला असतो तितका मारव्यातला नसतो, आणि पेटीच्या पट्टीतला कोमल रिषभ तर या दोघांपेक्षा वेगळ्याच जागी पक्का बसवलेला. तो जाणता साथीदार होता, म्हणून गायिकेच्या रिषभाशेजारी स्वतःचा रिषभ उभा करत नव्हता. गंधारापासून पुन्हा साथ धरत होता. मग तबला शिकणारा एक कॉलेजातला मुलगा, तो काकांबरोबर आला होता, संकोचून म्हणाला की ठेकासुद्धा पूर्ण वेळ मोकळाच ठेवला होता, दोन मात्रांमधली जागा कुठेही भरली नव्हती, षड्ज लागल्यानंतरच्या आवर्तनात पहिल्यांदा तबलजीनं थोडं भरलं.

तो षड्ज मला ऐकू आला होता. तो षड्ज तिघांनी मिळून उभा केला होता, हे मला चहाच्या रांगेत कळलं. एकानं हात उचलून, एकानं जागा रिकाम्या सोडून, आणि तिनं वाट बघायला लावून. त्यानंतर मी ज्या मैफली ऐकल्या, त्यांत माझी नजर साथीदाराच्या हाताकडे जाते. तो कधी वाजवतो यापेक्षा कधी थांबतो, हे बघायची सवय लागली.

म्हणून मला ‘अप्रतिम’ या शब्दाचा कंटाळा येतो. गाणं संपल्यावर फोनवर दहा ठिकाणी अप्रतिम, केवळ अप्रतिम, निःशब्द, अंगावर काटा, असे निरोप येतात. भावना खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण त्यातून मला गाण्याचं काही मिळत नाही, आणि ज्यानं लिहिलं त्याच्याजवळही आठवड्यानं काही उरत नसणार. याउलट कुणी सांगितलं की द्रुतमध्ये तिनं अंतऱ्याची दुसरी ओळ दोन वेगळ्या लयींत म्हटली, किंवा खालचा धैवत जरा कमी पडत होता आणि तिला ते कळत होतं, म्हणून ती तिथे पुन्हा पुन्हा जात होती, तर ते गाणं मी न ऐकताही माझ्यापाशी येतं. आवडलं नाही हेसुद्धा असंच सांगावं. ‘रंगलं नाही’ म्हणून सोडून देऊ नये. कुठे रंगलं नाही? राग मांडतानाच घाई झाली, की तानांच्या मागे लागून बंदिशीचे शब्द चिरडले, की साथ आणि गाणं दोन दिशांना गेलं? गाणारा वर्षानुवर्षं रोज पहाटे उठून जे करतो, त्याच्याबद्दल बोलताना आपण एवढी तसदी घ्यायला हवी.

जानेवारीत मुंबईत एका घरगुती बैठकीला गेले होते. गिरगावात एके काळी लक्ष्मीबागेच्या सभागृहात आणि ब्राह्मण सभेत अशा किती मैफली झाल्या, त्या ऐकलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ही बैठक उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये होती. सोफे बेडरूममध्ये हलवून दिवाणखान्यात गाद्या घातलेल्या, चाळीसेक माणसं, दारात चपलांचा ढीग, आणि मुख्य म्हणजे माइक नाही.

जयपूर घराण्याचं गाणं होतं. अल्लादियाखाँसाहेबांनी कोल्हापूर दरबारात आणि नंतर मुंबईत राहून महाराष्ट्राला हे गाणं दिलं, आणि त्याबरोबर ते जोडराग आणि अनवट राग दिले, जे इतर ठिकाणी क्वचितच ऐकू येतात. गायिका सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी बसंती केदार घेतला. बसंत आणि केदार, स्वभावानं किती लांबचे दोन राग. एकात कोमल रिषभ, कोमल धैवत, वरच्या अंगाची झेप; दुसरा मध्यमावर विसावणारा, शुद्ध धैवताचा. दोन्ही एका चिजेत नांदवायचे, आणि सांधा दिसू द्यायचा नाही. मी सगळं लक्ष त्या सांध्यावर ठेवून होते. बसंतातून उतरताना कुठेतरी केदाराचा मध्यम समोर उभा राहायचा, आणि नेमकं कुठल्या क्षणी घर बदललं ते सापडायचं नाही.

माइक नसल्यामुळे जे ऐकू आलं ते मांडवात कधीच ऐकू येत नाही. तान घेण्याआधीचा श्वास. स्वर संपताना ओठ मिटण्याचा बारीक आवाज. मागे साथ करणाऱ्या शिष्येनं बाईंचा दम संपतोय हे ओळखून अर्धी ओळ आधीच उचलून धरली, तिचं ते अलगद शिरणं. गाण्यानंतर कांदेपोहे आणि कॉफी झाली, आणि चाळीस माणसांत बसंतातून केदारात जाण्याच्या जागेबद्दल चार मतं निघाली. एक गृहस्थ म्हणाले पंचमावर, दुसरे म्हणाले तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर येताना. बाई आतल्या खोलीत जेवत होत्या. कुणीतरी धीर करून जाऊन विचारलं. त्यांनी हातातला घास तसाच ठेवून ती जागा हळू आवाजात दोनदा गाऊन दाखवली आणि म्हणाल्या, ‘मला नाही माहीत कुठे. ते अण्णा असंच सांगायचे.’ अण्णा म्हणजे त्यांचे गुरू. वाद मिटला नाही, पण ती जागा आता त्या घरातल्या चाळीस जणांकडे आहे.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या सभागृहात तबल्याचा डग्गा छातीत आदळत होता, आणि गायकाचा मंद्र सप्तक त्याखाली दबून गेला होता. गायकानं दोनदा खुणेनं आवाज कमी करायला सांगितलं, तेवढ्यापुरता झाला, पुन्हा तसाच. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांनी एकदा तरी बिनमाइकची बैठक ऐकावी, असं मला मनापासून वाटतं. तबला आणि गळा यांचं प्रमाण मूळचं काय असतं, ते कानात बसलं की हात आपोआप योग्य जागी थांबेल.

आणि मिरज. मिरजेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथलं ऐकणं मला दुसरीकडे कुठेच सापडलं नाही.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर गेले, आणि मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. म्हणजे पुण्यात आम्ही ज्यांच्या नावानं मांडव घालतो, त्यांचे गुरू इथे आहेत. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गाणं होतं. लांबलांबून कलाकार येतात ते हजेरी लावायला. तिकीट नाही, राखीव रांगा नाहीत. फुलांचा, उदाचा वास, मागे जत्रेचा गलका, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ, आणि त्या सगळ्यात एक तरुण गायक डोळे मिटून आभोगी रागाचा मध्यम लावतोय. पहिली काही मिनिटं मला वाटलं, एवढ्या आवाजात हे कसं जमायचं? पण गलका कमी झाला नाही तरी लोक ऐकत होते. गजरे विकणारा माणूस समेवर मान हलवत होता.

माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, हाताची बोटं जाड आणि टोकांना चिरलेली. गाणं चालू असताना ते गायकाकडे फारसं बघतच नव्हते. त्यांचं लक्ष मागच्या तंबोऱ्याकडे. मध्ये चहा आला तेव्हा बोलणं निघालं, तर ते सतारमेकर. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गायकाच्या मध्यमाबद्दल काहीतरी म्हटलं. ते म्हणाले, ‘पोरगं चांगलंय. पण डावीकडच्या तंबोऱ्याची जवारी बसलीय. गंधार बोलत नाही.’

खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार नीट लागलेली असली, तारा ज्यावरून जातात त्या घोडीवर जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बरोबर उघडली असली, तर त्या एका तारेतून षड्जाबरोबर गंधार आपोआप उमटतो. कुणी छेडलेला नसतो, तरी ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यासाठी घोडीचा माथा कानशीनं आणि पॉलिश कागदानं केसभर, केसभर घासत आणायचा असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवून तो स्वर जिथे उमलतो ती जागा शोधायची असते. दोरा इकडचा तिकडे झाला की तार मुकी. हे सगळं त्यांनी चहाचा कप खाली ठेवून, हवेत बोटांनी करून दाखवलं. मग म्हणाले, उजवीकडचा ऐका. मी ऐकलं. आधी काहीच कळलं नाही. त्यांनी धीर सोडला नाही, हातानं ‘थांबा’ अशी खूण करत राहिले. आणि मग खर्जाची तार छेडल्यानंतर क्षणभरानं, वर कुठेतरी, तो गंधार आला. एकदा आल्यावर जाईना. पुढचं सगळं गाणं मी त्या गंधाराच्या उजेडात ऐकलं. आभोगीत शुद्ध गंधार नाही, तिथला गंधार कोमल. मी त्यांना विचारलं, मग हा आड येत नाही का? ते हसले आणि म्हणाले, ‘ते गाणाऱ्यानं बघायचं. आमचं काम त्याला बोलतं करायचं.’

असं सांगणारं माणूस शेजारी बसलेलं असणं, याला मी ऐकणं म्हणते.

२०२४ च्या जानेवारीत आधी गायक राशिद खाँ गेले, त्यानंतर चारच दिवसांनी गायिका प्रभाताई अत्रे. प्रभाताईंच्या भैरवीनं सवाईची सांगता होणं ही आमच्यासाठी कित्येक वर्षांची रीत होती. त्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावायची, आणि लोकांनी उभं राहून ती ऐकायची. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीर हुसेन गेले. त्या दिवसांत मांडवाबाहेर जे बोलणं चाललं होतं, तसं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कुणी कुणाला ओळखत नसताना सांगत होतं, आपण त्यांना पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाबरोबर गेलो होतो, पाऊस होता की नव्हता. एका बाईंनी प्रभाताईंचा मारूबिहाग सांगितला, बंदिशीतला कुठला शब्द त्या कशा सोडून देत तेही सांगितलं, गाऊन दाखवता येत नव्हतं म्हणून हातानं सांगितलं. ध्वनिमुद्रणं आहेत, पुष्कळ आहेत, आणि ती असावीतच. पण त्या बाईंच्या हाताच्या हालचालीत जे होतं ते मला कुठल्याही ध्वनिमुद्रणात सापडलेलं नाही.

माझी भाची नोकरीनिमित्त चेन्नईला असते. तिथला डिसेंबर म्हणजे मार्गळी, म्युझिक अकॅडमीपासून छोट्या छोट्या सभांपर्यंत दिवसाला कित्येक कच्चेऱ्या, म्हणजे मैफली. ती इथे असताना माझ्याबरोबर सवाईला यायची. तिकडे गेल्यावर पहिल्या वर्षी तिचं मन रमेना. गाणं वेगळं, भाषा कळत नाही, रागांची नावं परकी. मग तिला सभांची कँटीनं सापडली. तिथे गरम रसवडा आणि फिल्टर कॉफी घेताना अनोळखी माणसंसुद्धा मघाच्या आलापनेवर बोलतात, आणि समोरच्याला तमिळ येत नाही म्हटलं की इंग्रजीत सांगतात, पण सांगतातच. तिला ताल धरायला शेजारच्या एका आजींनी शिकवलं. तिकडे श्रोते मांडीवर हातानं ताल मोजतात, बोटं दुमडून, तळहात पालथा-उलथा करून. आजींनी काही न बोलता तिचा हात आपल्या हातात घेतला आणि आदि तालाची दोन आवर्तनं मोजून दिली.

या वर्षी आमचं ठरलं की रोज रात्री एकमेकींना आवाजी निरोप पाठवायचा, आणि त्यात ‘मस्त’ म्हणायचं नाही. काय ऐकलं ते सांगायचं. मारव्याच्या रात्री मी तिला बराच मोठा निरोप पाठवला. षड्ज, हार्मोनियमवाल्याचा हात, मोकळा ठेका, सगळं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तिनं त्याच आठवड्यात तिकडचा हंसानंदी राग ऐकला होता. ‘मावशी, स्वर तेच आहेत गं. मी लिहून बघितले. पंचम नाही, कोमल रिषभ, तीव्र मध्यम. पण यात षड्ज लपवत नाहीत. सरळ येतात आणि बसतात त्यावर. मला आधी सोहनी वाटला, मग वाटलं पूरिया, मग सोडून दिलं आणि नुसतं ऐकलं.’ पुढे तिनं सांगितलं की रागम्‌मध्ये, म्हणजे रागाच्या आलापीत, व्हायोलिनवाल्यानं गायकाच्या प्रत्येक वाक्याचं फक्त शेपूट धरलं, पूर्ण वाक्य एकदाही वाजवलं नाही, आणि कँटीनमध्ये त्यावरून दोन गट पडले होते. निम्मे लोक म्हणत होते त्यानं साथच दिली नाही. ती दुसऱ्या गटात होती.

मी तो निरोप काकांना ऐकवला. काकांनी तो दोनदा ऐकला. मग म्हणाले, तिला विचार, हंसानंदीचा रिषभ कसा होता, आपल्या मारव्यासारखा की श्रीच्या बाजूला झुकलेला? ते तिनं बारकाईनं ऐकलं नव्हतं. सवाई संपतो तेव्हा चेन्नईचा हंगाम निम्माही झालेला नसतो, जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. तेव्हा पुढच्या डिसेंबरात आधी तिनं पुण्याला यायचं आणि मग मी तिच्याबरोबर चेन्नईला जायचं, असं ठरलं आहे. काकांनाही यायचं आहे. त्यांच्या गुडघ्याचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.